कावळा हाकलणारा हात

आपल्या घरात फोटो कधी काढले जातात, याचा एकदा विचार करून बघा. बारसं, बिस्मिल्ला, मुंज, खतना, शाळेच्या गॅदरिंगमधला नाच, साखरपुडा, लग्न, वास्तुशांत, हजला निघालेल्या माणसांच्या गळ्यात हार पडतात तो क्षण. एखाद्या घरचा अल्बम परक्या माणसानं चाळला, तर त्याला वाटेल की या घरातली माणसं बारा महिने नवे कपडे घालून एका ओळीत उभी असतात. त्या अल्बममध्ये भाकरी थापणारं कुणी नसतं. रोवळीत तांदूळ धुणारं, लहान्याच्या डोक्याला तेल लावणारं, पडवीत बसून चष्मा नाकावर घसरलेल्या अवस्थेत पेपर वाचणारं कुणी नसतं. आयुष्य मात्र याच कामांत गेलेलं असतं.

मी कविता लिहिणारा माणूस. फोटोग्राफीचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण कवितेनं एक सवय लावली. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे आज पहिल्यांदा पाहतो आहोत, असं पाहायचं. हीच सवय कॅमेऱ्यालाही लागते, हे मला घरात फोटो काढायला लागल्यावर उमगलं. आज त्याबद्दल थोडं बोलणार आहे.

आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधू. कॅमेरा समोर आला की आपण ताठ का होतो? हात मांडीवर, मान सरळ, चेहरा गंभीर. हे आपल्या अंगात आलं कुठून?

त्याचं मूळ फोटोग्राफीच्या जन्मात आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. सुरुवातीला त्याला मिनिटं लागत. तेवढा वेळ माणूस हलला की चेहरा पुसट व्हायचा. म्हणून खुर्चीच्या मागून मानेला आधार देणारी लोखंडी पट्टी लावत. इतका वेळ हसू टिकवणार कोण? त्यामुळे गंभीर चेहरा हीच फोटोची रीत झाली.

ही विद्या आपल्याकडेही लवकर पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्यात रस घेतला. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. हे घराणं मूळचं गोव्यातल्या मांद्रे गावचं, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गच्या अगदी शेजारचं. पुढे शहराशहरांत स्टुडिओ निघाले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महाल नाहीतर बगीचा, बाजूला कोरीव तिवई आणि फुलदाणी. आपल्या घरात नसलेलं सगळं फोटोत असायचं आणि घरात असलेलं काहीच नसायचं. खेड्यातल्या माणसाच्या नशिबी असा फोटो आयुष्यात एखाददुसरा. मग तो चांगल्या कपड्यांतच काढणार, यात त्याचं काय चुकलं? गंमत अशी, की कॅमेरा बदलला, काळ बदलला, क्षणाच्या हजाराव्या भागात फोटो निघू लागला, तरी आपली मान त्या लोखंडी पट्टीतून सुटलेली नाही.

कॅमेरा घराघरांत शिरला तो विसाव्या शतकात. १९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीनं ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा साधा डबा-कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात आला तो बराच नंतर. आग्फाचा क्लिक थ्री अनेकांना आठवत असेल. एका रोलमध्ये १२ फोटो. रोल महाग, धुलाई महाग, छपाई महाग. तेव्हा ते १२ फोटो लग्नाकार्यासाठी राखून ठेवले जात. कालवण ढवळणाऱ्या बाईवर त्यातला एक कोण खर्च करणार?

तरीही काहींनी तो खर्च केला. फ्रान्समध्ये १८९४ साली जन्मलेल्या झाक आंरी लार्तिग या मुलाला वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला. त्यानं काय टिपलं? घरातलीच माणसं. पाण्यात उड्या घेणारी, घरी बनवलेल्या गाड्या पळवणारी, बागेत खिदळणारी. हे फोटो त्यानं आयुष्यभर अल्बममध्ये लावून ठेवले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो जवळजवळ सत्तरीचा होता. एका मुलानं आपल्या घरच्यांचे काढलेले फोटो जगानं कला म्हणून पाहिले.

दूर कशाला, आपल्या मुंबईत होमाई व्यारावाला होत्या. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. पुढे नेहरू, माउंटबॅटन अशा थोरामोठ्यांचे त्यांचे फोटो गाजले, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण त्यांच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंत मैत्रिणी आहेत, सहलीला गेलेल्या बाया आहेत, कॉलेजातल्या मुली आहेत. ते फोटो आधी छापून आले ते पती माणेकशॉ यांच्या नावावर. म्हणजे बाई रोजचं जगणं टिपत होती आणि तिचं नाव मात्र चौकटीबाहेर होतं. पुढच्या पिढीत सूनी तारापोरवाला यांनी सत्तरच्या दशकात फोटो काढायला सुरुवात केली ती आपल्याच घरच्यांपासून. घरातून त्या नातेवाइकांकडे, तिथून अख्ख्या पारशी समाजाकडे वळल्या, आणि २००० साली त्या फोटोंचं मोठं पुस्तक झालं. ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा लिहिणाऱ्या त्याच या बाई. मोठ्या कामाची वाट स्वतःच्या स्वयंपाकघरावरून गेली.

आता कुणी म्हणेल, हे सगळे कलावंत. आमच्या घरात काय आहे टिपण्यासारखं? तीच चूल, तीच माणसं, तेच भांडण. या प्रश्नाला मी दादासाहेब फाळक्यांची आठवण देतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्याच्या आधी हातात नवा कॅमेरा आलेल्या फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि कित्येक दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ती फिल्म पाहताना मिनिटभरात अंकुर फुटून वेल वाढताना दिसला. वाटाणा काही नवा नव्हता. तो प्रत्येकाच्या घरात होता. नवी होती ती एका जागी बसून रोज पाहण्याची चिकाटी. घरातलं सौंदर्य असंच असतं. ते नसतं म्हणून दिसत नाही असं नाही. आपण थांबत नाही म्हणून ते दिसत नाही.

थांबून पहिल्यांदा काय बघायचं? ऊन. कोकणातल्या घराइतकं उजेडाचं चांगलं घर दुसरीकडे क्वचित मिळेल. आमच्या पिंगुळीतल्या जुन्या कौलारू घरांत स्वयंपाकघराच्या वर एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास त्यातून उन्हाची तिरीप खाली उतरते. चुलीचा धूर त्या तिरपेत शिरला की उजेडाचा खांबच उभा राहतो. धुराचे बारीक कण ऊन चहूकडे उधळतात, म्हणून आपल्याला उजेडाचा मार्ग दिसतो. त्या खांबाशेजारी बसून कुणी खोबरं किसत असेल, तर तिच्या हाताची शीर न् शीर दिसते. या फोटोला फ्लॅश लावू नये. फ्लॅश समोरून भपकन आदळतो, सावल्या पळवून लावतो आणि चेहरा भिंतीसारखा सपाट करतो. सावली हवीच. सावली आहे म्हणून तर नाक पुढे दिसतं आणि गालाला गोलाई येते.

पडवीचा उजेड वेगळा. तिथे थेट ऊन नसतं, खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवरून उसळून आलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे या उजेडात फार सुंदर दिसतात. पावसाळ्यात आभाळ भरून येतं तेव्हा ढगच चाळणीचं काम करतात, सावल्या मऊ होतात. लोक म्हणतात पावसात फोटो येत नाहीत. मला तर आषाढातली दुपार दारातल्या फोटोसाठी सगळ्यात चांगली वाटते.

उजेडानंतर जागा. लहान मुलाचा फोटो उभ्यानं काढला की त्याचं डोकंच मोठं दिसतं. जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, मग त्याचं जग दिसेल. आईच्या लुगड्याची किनार, मांजराचं शेपूट, पाटाखाली गेलेला चेंडू. पाठीमागे नको ती वस्तू डोकावत असेल तर माणसाला हलवू नका, आपणच पाऊलभर सरका. आणि एक महत्त्वाचं, घर आवरायला सांगू नका. दांडीवरचं फडकं, कोपऱ्यातली केरसुणी, कोनाड्यातली औषधाची बाटली राहू दे. आज जे पसारा वाटतं, ते तीस वर्षांनी फोटोतलं सगळ्यात बोलकं होतं.

शेवटी वेळ. पहिल्या दोन-तीन फोटोंत माणूस कॅमेऱ्यासाठी बसतो. नंतर कंटाळतो आणि कामाला लागतो. खरा फोटो तिथून पुढे सुरू होतो.

इथे एक नाजूक गोष्ट येते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरातलं माणूस आपलं असतं म्हणून त्याचा चेहराही आपला होत नाही. मी पहिल्यांदा चुलीजवळ फोन घेऊन बसलो, तेव्हा पत्नी म्हणाली, “माजो फोटो कित्याक? माजा काय लगीन आसा?” मी म्हटलं, “लग्नातला आसा. ह्यो रोजचो.” ती हसली, पण डोक्यावरचा पदर सारखा केल्याशिवाय तिनं मला फोटो काढू दिला नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. फोटो काढला की ज्याचा आहे त्याला आधी दाखवायचा. नको म्हटलं तर पुसायचा, का ते विचारायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर पुन्हा विचारायचं. आजारी माणूस, न्हाणीतलं पोर, रडणारी बाई, यांच्यावर फोन रोखायचा नाही. जिथे भीती आहे तिथे सुंदर फोटो येत नाही. माणूस निर्धास्त असेल तरच त्याचा चेहरा उघडतो.

आमच्या घरात फोटोंचं प्रस्थ कधी नव्हतंच. नमाज पढतो त्या खोलीत समोर चित्र नसावं, हा रिवाज. अब्बा तर कॅलेंडरवर माणसाचं चित्र असलं तर ते भिंतीकडे तोंड करून लटकवत आणि तारीख बघायची वेळ आली की उलटून बघत. अम्मा स्टुडिओत कधी गेली नाही. तिचे फोटो दोनच आहेत. एक मतदार ओळखपत्रावरचा. १९९३ नंतर ही ओळखपत्रं देशभर आली आणि कितीतरी खेड्यांतल्या बायांचा पहिला फोटो सरकारनं काढला. त्यात अम्मा दचकलेली आहे. कुणीतरी अचानक नाव घेऊन ओरडावं, तशी.

दुसरा फोटो खरं तर तिचा नाहीच. १९८४ साली माझा मामेभाऊ कुवेतहून आला, येताना रंगीत रोलचा कॅमेरा घेऊन आला. आमच्या विहिरीवर नुकताच पंप बसला होता. त्याला त्या पंपाचा फोटो हवा होता. मे महिना होता. पंपाच्या डाव्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, अम्मा बसली आहे. अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढ्यात सुपात सोलं वाळत घातलेली. रातांबे फोडून बिया काढायच्या, सालींना मीठ आणि रस लावून उन्हात घालायच्या, पुन्हा रसात घोळवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं कित्येक दिवस चालतं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक आहेत आणि त्यातला एक हात वर उचललेला आहे.

पंप केव्हाच गंजून भंगारात गेला. अम्मा २००९ साली गेली. फोटो राहिला. फोटो काढणाऱ्याला ती दिसलीच नव्हती, म्हणून ती ताठ झाली नाही, म्हणून ती जशी होती तशी त्यात आली. तिच्या हातांचा वेग, वाकलेली पाठ, उन्हानं बारीक झालेले डोळे, सगळं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या नातीनं हा फोटो पाहिला आणि विचारलं, “ही आजी हात करून कोणाला बोलावते?” मी सांगितलं, “बोलावत नाही गो, कावळ्याक हाकलता. सोलां न्हेयत ना तो!” ती खुदकन हसली. मग विचारत सुटली. कावळा कुठे आहे, सोलं कुठे गेली, हात लाल का. तासभर मी अम्माबद्दल बोलत होतो. न पाहिलेली पणजी त्या दिवशी तिची झाली. मी सांगितलं नसतं, तर फोटोतला तो हात कायमचा कुणाला तरी बोलावत राहिला असता. अजून वीस वर्षांनी ती बाई कोण, हेही कुणाला कळलं नसतं.

चित्राला सांगणारा लागतो, हे आमच्या पिंगुळीला फार जुनं ठाऊक आहे. इथल्या गुढीपूरच्या ठाकर समाजाची चित्रकथी प्रसिद्ध आहे. कागदावर हातानं रंगवलेली रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, दोन दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या सगळ्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. चित्रकथी एकेक चित्र समोर उभं करतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं त्यातली गोष्ट गाऊन सांगतो. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. चित्र मुकं असतं, सांगणाऱ्याच्या आवाजानं ते चालू लागतं. पोथी पेटीत बंद राहिली तर ते नुसते रंगवलेले कागद.

ही कला मागे पडत चालली तेव्हा इथल्याच परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली. २००६ साली त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला यात गोठ्याचं फार कौतुक वाटतं. जतन करायला महाल लागत नाही. घरात जी जागा आहे तीच झाडून पुसून वापरायची.

आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. रोल महाग असल्याची सबब आता उरलेली नाही. पण ही बिनसांगणाऱ्याची पोथी आहे. फोन बिघडला, हरवला, की अख्खी पोथी बुडाली. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याचे दोन-तीन फोटो निवडावेत. सणाचे नकोत, साध्या वाराचे. ते कागदावर छापून घ्यावेत. मागे नावं, जागा, साल आणि एक ओळ लिहावी. ‘अब्बा, पडवी, दाढी करताना, आरसा खांबाला’ एवढं पुरे. चिकट पानांच्या अल्बमपेक्षा साध्या कागदाची पाकिटं बरी. आपल्याकडची पावसाळी हवा फोटोंची वैरी, बुरशी धरते. पाऊस सरला की कपड्यांसारखाच फोटोंनाही सावलीतला वारा द्यावा. आणि त्या निमित्तानं सगळ्यांनी एकत्र बसून ते बघावेत. त्या बसण्यातच सांगणं होतं.

आणखी एक बघा. घरातले फोटो कोण काढतो? बहुधा एकच माणूस. तो स्वतः कुठल्याच फोटोत नसतो. कॅमेरा हातोहात फिरू द्या. मुलांच्या हातात द्या. माझ्या नातीनं काढलेल्या फोटोंत आमच्या घरातल्या सगळ्यांचे पाय आहेत, कारण तिच्या उंचीला तेच दिसतात. पत्नीच्या टाचांच्या भेगा आहेत, माझी झिजलेली चप्पल आहे, उंबऱ्यावर पडलेलं सकाळचं ऊन आहे. त्या फोटोंची एक पोथी मी करायला घेतली आहे. गोष्ट मात्र ती सांगणार आहे.